सरांचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, माझ्या झाकणाखाली सध्या एका पालीचा संसार आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दोन रिळांचा जुना टेपरेकॉर्डर मी. बंगळूरच्या एका कॉलेजातल्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या राशीवर, कित्येक वर्षे बसून आहे. माझा रबरी पट्टा वितळून गुळाच्या पाकासारखा चिकट झाला आहे. मला आता ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. आठवते मात्र सगळे. त्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही, कारण तिच्यात माझाही दोष आहे.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या. माझ्या कपाळावर एक हिरवा दिवा बसवला. समोर कुणी बोलले की तो दिवा डोळ्यासारखा उघडमीट करी. शेवटी एका माणसाने माझ्यापुढे एक ते दहा आकडे म्हटले. मी ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवले, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती माझी पहिली शाबासकी. मग लाकडी पेटी, भुसा, आगबोट, मद्रासचे बंदर, तिथून रेल्वे, आणि १९६१ च्या जून महिन्यात मी बंगळूरला पोचलो. माझ्याबरोबर बारा रिळे होती. त्यांवर पॅरिसच्या एका बाईंनी आणि एका गृहस्थांनी फ्रेंच भाषेचे पहिले धडे म्हटले होते.

विद्यापीठाने त्या कॉलेजात नवशिक्यांसाठी फ्रेंचचा एक वर्षाचा वर्ग चालवला होता. वर्ग संध्याकाळी साडेपाचला भरे. शिकवणारे एकच, गुंडोराव सर. त्यांचे घराणे तीनशे वर्षांपासून कानडी मुलखात राहिलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी शब्द सहज मिसळलेले असत. धोतर, काळा कोट, काळी टोपी आणि खिशात नेहमी लवंगा. फ्रान्स त्यांनी पाहिले नव्हते. तरुणपणी एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे दोन वर्षे आणि पुढे पुस्तकांवरून, एवढ्याच भांडवलावर ते चौदा वर्षे शिकवत होते.

गंमत अशी झाली की मी आलो, पण त्या वर्गात एका दिव्याखेरीज विजेची सोयच नव्हती. मला जोडायचे कुठे? अर्ज गेला, अर्जावर शेरे आले, वायरमन येऊन भिंत बघून गेला. हे होईपर्यंत पाच महिने मी टेबलावर कापडाखाली बसून होतो. त्या कापडाला उंदराने एक भोक पाडले होते. त्या भोकातून मी सरांचा वर्ग पाहिला.

मित्रांनो, तसा वर्ग मी पुन्हा पाहिला नाही. फ्रेंचमध्ये एक स्वर आहे, तो आपल्याला काही केल्या येत नाही. सर म्हणायचे, "गरम सारू फुंकताना ओठ करता की नाही? तसे करा. आता ओठ न हलवता ई म्हणा. सरी, बरोबर! आला की नाही?" सगळा वर्ग ओठांचा चंबू करून ते सारू, म्हणजे आपले सार, फुंकायचा. एक शब्द शिकवायचा म्हणून सर रुसलेली सासू व्हायचे, दुसऱ्यासाठी भिजलेले कोंबडे व्हायचे. कोणी चुकले तर म्हणायचे, "चुकू दे. तोंड तर उघडलंस!"

वर्गात बारा-तेरा जण होते. पहिल्या बाकावर वसुमती नावाची हुशार मुलगी बसे. मागच्या बाकावर देवाप्पा. देवाप्पा खानापूरकडच्या एका खेड्यातला, यशवंतपूरच्या एका कारखान्यात फिटर. काम सुटले की घामेजलेला, सायकल हाणत यायचा. हाताला वंगणाचा वास असायचा. त्याच्या कारखान्यात फ्रान्सहून नवी यंत्रे येणार होती. ती चालवायला शिकण्यासाठी एका कामगाराला आठ महिने तिकडे पाठवायचे ठरले होते. अट एवढीच, की मार्च महिन्यात फ्रेंच इंजिनिअर येईल आणि त्याच्याशी चार शब्द बोलून दाखवायचे.

पहिल्या आठवड्यात देवाप्पा सरांना म्हणाला, "सर, माझी जीभ जड हाय. मला न्हाई जमायचं."

"घाबरू लागलास कशाला?" सर म्हणाले. "जीभ कुणाची कापसाची असते? मला सांग, तू राहतोस कुठं?"

"यशवंतपूरला."

"मग म्हण, जाबीत आ यशवंतपूर. मी यशवंतपूरला राहतो. झालं तुझं पहिलं फ्रेंच वाक्य."

देवाप्पाने ते वाक्य म्हटले. मग दाराबाहेर सायकलला टेकून पुन्हा तीनदा म्हटले आणि एकटाच हसत निघून गेला. दिवाळीपर्यंत तो मोडकेतोडके पण न थांबता बोलू लागला. आपल्या आईबद्दल, सायकलच्या पंक्चरबद्दल, कारखान्यातल्या भोंग्याबद्दल तो फ्रेंचमध्ये काहीबाही सांगे आणि सर टाळी देऊन त्याला पुढे ढकलत.

नोव्हेंबरात एकदाची वीज आली. त्या दिवशी विभागाचे प्रमुख गुरुराज सर स्वतः वर्गात आले. त्यांनी कापड काढले, रीळ चढवले, खटका दाबला. पॅरिसच्या बाई माझ्या तोंडून बोलू लागल्या. किती मंजूळ आवाज! वर्ग स्तब्ध झाला. मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. मला फार अभिमान वाटला.

गुरुराज सरांना काय वाटले कोण जाणे, ते म्हणाले, "गुंडोराव, तेच वाक्य तुम्ही म्हणा. यंत्र कसं टिपतं ते मुलांना दाखवू."

सरांनी घसा साफ केला आणि वाक्य म्हटले. मी ते टिपले. मग गुरुराज सरांनी आधी बाईंचा आवाज लावला आणि लगेच सरांचा. सरांचा 'र' आपल्याकडच्या पखवाजासारखा घुमला. नाकातला स्वर नाकात गेलाच नाही. पहिल्या बाकावरून खुदकन हसू आले. वसुमती हसली, तिच्या शेजारच्या दोघी हसल्या, मग सगळा वर्ग हसला. सरही हसले, पण सगळ्यांचे हसून झाल्यावर. देवाप्पा तेवढा हसला नाही. हसण्यासारखे काय झाले ते त्याला कळलेच नव्हते.

त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून सर बोलेनासे झाले. ते यायचे, हजेरी घ्यायचे, रीळ चढवायचे आणि खटका दाबून खिडकीपाशी उभे राहायचे. बाई एक वाक्य म्हणत, वर्ग ते एका सुरात म्हणे. सारू फुंकणे थांबले. सासू आणि कोंबडा दोघेही गेले. गुरुराज सर वऱ्हांड्यातून जाताना आत डोकावत आणि समाधानाने मान हलवत. बाहेरची माणसे मला बघायला येत. माझ्यावर कुंकवाचे बोट लावले गेले, संक्रांतीला हार पडला. सरांकडे पाहायचे कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

फेब्रुवारीत एकदा वर्ग सुटल्यावर देवाप्पा थांबला. "सर, एक विचारू? तो साहेब भराभरा बोलला आन् मला कळलं न्हाई, तर 'सावकाश सांगा' असं कसं म्हणायचं?"

सरांचे ओठ उघडले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते मिटले. "ते सातव्या रिळावर असेल. येईल पुढं."

"सातवं रीळ मार्चाच्या आधी यील का?"

"माझ्याकडून चुकीचं शिकलास तर जन्मभर तेच राहील, बा. स्वल्प थांब."

"चुकलं तर चुकलं, सर. तुम्हीच म्हणत होतासा की."

 सरांनी माझ्यावर कापड टाकले, चारी कोपरे नीट केले आणि छत्री उचलली.

मार्चमध्ये फ्रेंच इंजिनिअर कॉलेजातच आला. आमच्याच खोलीत तीन खुर्च्या मांडल्या. एकीवर तो गोरा उंच माणूस, दुसरीवर कारखान्याचे एक अधिकारी, तिसरीवर सर. मी टेबलावर होतो. देवाप्पा आला तो धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून. इंजिनिअर भला माणूस होता. त्याने हसून हात पुढे केला आणि अगदी सोपा प्रश्न विचारला : तुम्ही कुठे राहता?

 देवाप्पाच्या तोंडून वाक्य झटकन बाहेर पडले. त्याने चार महिने रोज वर्गाबरोबर घोकलेले वाक्य. उच्चार अगदी माझ्या बाईंसारखा.

"जाबीत आ पारी."

मी पॅरिसमध्ये राहतो.

इंजिनिअरने भुवया उंचावल्या. त्याने गमतीने विचारले, मग तुम्हाला तिकडे पाठवायची गरज काय? ते देवाप्पाला कळले नाही. त्याने दुसरे पाठ वाक्य म्हटले. इंजिनिअरने आणखी काही विचारले, या वेळी भराभर. देवाप्पाने सरांकडे पाहिले.

मित्रांनो, ते मी अगदी जवळून पाहिले. सरांचे ओठ हलले. हा मुलगा यशवंतपूरला राहतो, घाबरला आहे, जरा सावकाश विचारा, एवढेच सांगायचे होते. ते वाक्य सरांच्या जिभेवर तयार होते. पण समोर खरा फ्रेंच माणूस बसला होता, आणि सरांच्या कानात नोव्हेंबरातले ते हसू असणार. सरांनी मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

देवाप्पाची निवड झाली नाही.

आठ-दहा दिवसांनी तो सरांनी दिलेले फ्रेंचचे पुस्तक परत करायला आला. वर्ग अजून भरायचा होता. सर एकटेच होते. देवाप्पाने पुस्तक टेबलावर ठेवले, त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते.

"राहू दे तुझ्याकडे," सर म्हणाले.

"आता काय करू त्याला? आई इचारत होती, कधी जाणार म्हणून. तिला सांगितलं, जागाच भरली न्हाई." त्याने पुस्तक सरांकडे सरकवले. "सर, रागावू नगासा. तुम्ही तिथं गप का बसलासा?"

सरांनी टोपी काढून हातात घेतली. इतक्या महिन्यांत त्यांना बोडक्या डोक्याने मी प्रथमच पाहत होतो. "माझं फ्रेंच त्याच्यापुढं काय उघडायचं, देवाप्पा."

"मला तर तेच येत होतं, सर. दुसरं कुठलं येत होतं?"

एवढे बोलून तो वाकला, सरांच्या पायांना हात लावला आणि निघून गेला. पुन्हा तो वर्गात आला नाही.

त्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी, कॉलेज सुनसान असताना सर आले. पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन त्यांनी खोली उघडली. एक कोरे रीळ चढवले, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि बोलायला सुरुवात केली. माझा हिरवा दिवा उघडमीट करू लागला. "देवाप्पा, हे तुझ्यासाठी," ते म्हणाले. मग मराठीत, मधूनमधून कानडीत आणि पुष्कळसे फ्रेंचमध्ये ते तासभर बोलले. कारखान्यात लागतील ती वाक्ये, यंत्र बंद पडले तर काय म्हणायचे, हात कापला तर काय म्हणायचे, दुकानात भाजी कशी मागायची. पुढच्या वर्षी पुन्हा माणूस पाठवणार आहेत, तेव्हा तू पुन्हा उभा राहा, असे ते म्हणाले. आणि शेवटी : "चूक माझी झाली, बा. तुझी नाही." बोलताना त्यांनी सासूही केली आणि कोंबडाही. रिकाम्या खोलीत, एकट्याने. माझ्याइतके जवळून सरांना कुणी ऐकले नसेल.

रिळाच्या डबीवर त्यांनी फक्त 'दे.' एवढे अक्षर लिहिले. यशवंतपूरच्या पत्त्यावर पत्र टाकले. उत्तर आले नाही. दुसरे पत्र टाकले. ते परत आले. देवाप्पा खोली सोडून गेला होता. सरांनी ती डबी कपाटात ठेवली. केव्हातरी येईल, असे त्यांना वाटत असावे. कपाट उघडले की ते आधी तिच्याकडे पाहत.

१९६४ साली सर निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांना शाल आणि नारळ मिळाला. भाषण करा म्हटल्यावर ते इंग्रजीत दोनच वाक्ये बोलले. त्यांच्या जागी वसुमती आली. पहिल्या बाकावरची तीच मुलगी आता पाँडेचरीहून शिकून आली होती. तिने माझी फार निगा राखली. फीत जिथे घासून जाते ती माझी लहान डोकी मऊ कापडाने पुसायची, सांध्यांत तेल घालायची. तिच्यावर माझा राग नाही. पण पुढे जे घडले ते तिच्या हातून आणि माझ्या पोटात घडले.

त्या काळी परदेशी रिळे मिळणे कठीण झाले होते. १९६६ च्या परीक्षेसाठी तिला श्रुतलेखनाचे सगळे उतारे, प्रत्येक तीनतीनदा, टिपायचे होते आणि कोरे रीळ कुठेच नव्हते. कपाटात शोधताना तिला डबी सापडली. 'दे.' म्हणजे काय ते तिला कळेना. देणगी असेल, देशी असेल, म्हणजे कोरेच, असे तिला वाटले. वेळ थोडा होता. तिने रीळ चढवले आणि टिपायचा खटका दाबला.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला लहान लहान डोकी असतात. त्यांतले पुसणारे डोके आधी येते आणि टिपणारे नंतर. फीत माझ्यापुढून सरकू लागली. सर एकेक शब्दाने जात राहिले आणि त्यांच्या जागी वसुमतीचा स्वच्छ, अचूक आवाज बसत राहिला. यंत्र बंद पडले तर काय म्हणायचे, ते गेले. भाजी गेली. कोंबडा गेला. मी काहीही करू शकलो नाही. एरवी माझा पट्टा आठवड्यातून एकदा तरी घसरायचा. त्या दिवशी तो घसरला नाही.

वसुमतीचा मजकूर संपला तेव्हा रिळाचा थोडासा भाग उरला होता. नीट टिपले गेले का ते ऐकायला तिने फीत फिरवली आणि शेवटी बंद करायला विसरली. तिचा आवाज संपला आणि अचानक सर बोलू लागले. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. चार मिनिटे उरली होती. ती तिने उभ्यानेच ऐकली. मग तिने ते रीळ बाजूला काढून श्रुतलेखन दुसऱ्या रिळावर पुन्हा टिपले. त्यासाठी तिला पॅरिसच्या बाईंचे एक रीळ पुसावे लागले. ते तिने खुशाल पुसले.

त्याच शनिवारी तिने मला जटक्यात घातले आणि चामराजपेठेत सरांच्या घरी नेले. घोड्याच्या प्रत्येक पावलाला माझ्या आतले काहीतरी खुळखुळत होते. दार सरांच्या पत्नीने, कस्तुराबाईंनी उघडले. "या, अक्का. बघा, बसलेत झोपाळ्यावर. कुणाशी बोलत नाहीत फारसं." सर वाळले होते. दात सगळे गेले होते.

वसुमतीने मला चौरंगावर ठेवले. कॉफी आली, ती तिने घेतली नाही.

"सर, देवाप्पासाठी तुम्ही टिपलेलं होतं ना? माझ्या हातून पुसलं गेलं. न ऐकता मी त्यावर टिपलं."

झोपाळा थांबला. "सगळं?"

"चार मिनिटं राहिलीत."

"लाव," सर म्हणाले.

तिने लावले. सर पुढे वाकून ऐकत राहिले. नोव्हेंबरातल्या त्या दिवसानंतर त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. माझ्या तोंडून त्यांचा 'र' पखवाजासारखा घुमला. कस्तुराबाई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या. फीत संपून रीळ नुसते गरगर फिरू लागले, तरी सरांनी मान वर केली नाही. मग ते हळूच म्हणाले, "बरं बोललो होतो की गं मी."

वसुमती रडू लागली. "सर, परत टिपू या. मी रोज येते. थोडं थोडं."

सरांनी बोळक्या तोंडाने एक फ्रेंच शब्द म्हणून पाहिला. नुसती हवा निघाली. दुसरा म्हणून पाहिला. मग ते हसले आणि त्यांनी मान हलवली. "दातांबरोबर गेलं ते. आता तू बोल. वर्गात याला बंद ठेव आणि तू बोल. कारखान्यातली मुलं येतात का अजून?"

"येतात."

"त्यांच्याशी जास्त बोल."

वसुमतीने देवाप्पाचा पुष्कळ शोध घेतला. कारखान्यातून उत्तर आले की तो नोकरी सोडून गावी गेला. खानापूरच्या बाजूला त्या नावाचे निदान वीस जण निघाले. ती चार मिनिटे त्याने कधीच ऐकली नाहीत. पुढच्या वर्षी पावसाळ्यात सर गेले. त्यानंतर वसुमतीने मला वर्गात फारसे लावले नाही. ती स्वतः बोलायची, मुलांना बोलायला लावायची. मी कोपऱ्यात गेलो, मग कपाटात, मग इथे. मला त्याचे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते एवढेच, की तासभराच्या त्या आवाजाला जपायला मीच होतो आणि तो पुसायलाही मीच.

मित्रांनो, तुमच्याही घरी जुन्या फिती असतील. नाव नसलेल्या, एखादेच अक्षर लिहिलेल्या. त्या कोऱ्या समजून वापरायच्या आधी एकदा शेवटपर्यंत ऐका. आणि ज्यांचा आवाज तुम्हाला हवा आहे ती माणसे अजून घरात असतील, तर फीत शोधत बसू नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि काहीतरी विचारा. त्यांनी सांगितलेले चुकले तरी चालेल.